आई पेरजागडावर, बाळ एव्हरेस्टवर

मे २००७ मध्ये एव्हरेस्टचा माथा गाठून उतरणारे काही गिर्यारोहक ८,४०० मीटरवर थांबले. त्या थंडीत अंगावरचे जाड पोशाख सैल केले आणि चौघांच्या जांघेतल्या धमनीतून रक्त काढलं. रक्त ताजं असतानाच तपासायला हवं होतं, म्हणून एका शेर्पाने नळ्या घेऊन भराभर खाली ६,४०० मीटरवरची छावणी गाठली. तिथल्या यंत्राने दाखवलेला आकडा पाहून डॉक्टर थक्क झाले. समुद्रसपाटीवर धडधाकट माणसाच्या धमनीत ऑक्सिजनचा दाब शंभराच्या आसपास असतो. या चौघांचा सरासरी दाब होता २४.६ मिलिमीटर. इतक्या कमी ऑक्सिजनवर रुग्णालयातला माणूस बेशुद्ध पडलेला असतो. हे मात्र शुद्धीत होते, पायांवर उभे होते आणि एकमेकांचं रक्त काढत होते.

आता चंद्रपूर जिल्ह्यात येऊ. नागभीड तालुक्यात घोडाझरी अभयारण्याच्या परिसरात पेरजागड आहे, सात बहिणींचा डोंगर. समजा, हिवाळ्याच्या एका सकाळी एक जोडपं तो चढतंय. तिला पाचवा महिना आहे. पाठीवरची पिशवी नवऱ्याकडे, तिच्या हातात काठी. तिच्या धमनीतला ऑक्सिजन अगदी झकास, शंभराच्या घरात. पण तिच्या पोटातल्या बाळाचं काय? वारेकडून नाळेवाटे त्याला मिळणारं सगळ्यात ताजं, सगळ्यात लाल रक्तसुद्धा तिशीच्या आसपास असतं, आणि त्याच्या अंगभर फिरणारं रक्त त्याहूनही खाली. आई काही शे मीटरच्या डोंगरावर आहे आणि बाळ एव्हरेस्टच्या माथ्याजवळ. बरं, चौघा गिर्यारोहकांनी तिथे जेमतेम काही तास काढले. बाळ तिथे महिनोन् महिने राहतं, आणि नुसतं राहत नाही तर वाढतं. तिथेच त्याचा मेंदू घडतो, बोटं फुटतात, नखं येतात.

हे साम्य पहिल्यांदा ज्याच्या मनात ठसलं तो केंब्रिजचा शरीरशास्त्रज्ञ जोसेफ बारक्रॉफ्ट. विरळ हवेत रक्ताचं काय होतं, हा त्याचा ध्यास. १९२० मध्ये तो काचेच्या बंद खोलीत सहा दिवस राहिला. आतला ऑक्सिजन हळूहळू कमी केला जात होता. पुढे तो पेरूतल्या सेर्रो दे पास्को या उंचावरच्या खाणींच्या गावी गेला आणि तिथल्या लोकांचं रक्त तपासलं. मग उतारवयात तो वळला गर्भाकडे. मेंढीच्या पोटातल्या कोकराचं रक्त तपासताना त्याला पुन्हा तोच डोंगर भेटला. ‘गर्भातलं एव्हरेस्ट’ ही उपमा शरीरशास्त्रात रुजली ती त्याच्या कामापासून. तेव्हा एव्हरेस्टवर माणूस पोचल्याची नोंदही नव्हती. बारक्रॉफ्ट १९४७ मध्ये वारला, आणि हिलरी-तेनझिंग माथ्यावर पोचले ते १९५३ मध्ये.

मग बाळ तिथे तगतं कसं? त्याचं रक्तच वेगळं असतं. मोठ्या माणसाच्या हिमोग्लोबिनमध्ये चार साखळ्या असतात, दोन अल्फा आणि दोन बीटा. गर्भाच्या हिमोग्लोबिनमध्ये बीटाच्या जागी गॅमा नावाच्या साखळ्या येतात. फरक एवढासाच, पण त्यामुळे हे हिमोग्लोबिन ऑक्सिजनला जास्त घट्ट धरतं. वारेत आईचं आणि बाळाचं रक्त एकमेकांत मिसळत नाही. मधे पातळ पडदा असतो आणि त्याच्या दोन बाजूंना दोन प्रकारचं हिमोग्लोबिन. आईचं थोडं सैल धरणारं, बाळाचं घट्ट. ओढाताण होते आणि ऑक्सिजन बाळाकडे जातो. त्यातच बाळ आपला कार्बन डायऑक्साइड आईकडे ढकलतं. त्यामुळे त्या जागी आईचं रक्त किंचित आम्ल होतं आणि हातातला ऑक्सिजन आणखी सहज सोडतं. त्याच क्षणी बाळाचं रक्त कमी आम्ल होतं आणि मिळालेला ऑक्सिजन आणखी घट्ट धरतं. कार्बन डायऑक्साइड आणि ऑक्सिजन यांचं हे नातं १९०४ मध्ये डेन्मार्कच्या क्रिस्टियान बोर यांनी दाखवलं. अणूचं चित्र मांडणारे नील्स बोर हे त्यांचे चिरंजीव. वारेत तोच नियम दोन्ही बाजूंनी एकदम बाळाच्या बाजूने काम करतो. याहून नेटकी देवाणघेवाण मला तरी निसर्गात दुसरी माहीत नाही.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या माणसाला या गॅमा साखळीबद्दल आणखी एक गोष्ट कळायलाच हवी. या दोन जिल्ह्यांत सिकलसेलचं प्रमाण मोठं आहे. सिकलसेलची चूक असते ती बीटा साखळीत. गर्भाच्या हिमोग्लोबिनमध्ये बीटा साखळी नसल्यामुळे सिकलसेल घेऊन जन्मलेलं बाळ पहिले काही महिने ठणठणीत असतं. जन्मानंतर गॅमा ओसरते, बीटा येते, मग दुखणं सुरू होतं. सिकलसेलवर दिलं जाणारं हायड्रॉक्सियुरिया हे औषध काय करतं? मोठ्या माणसाच्या शरीरात तेच गर्भातलं हिमोग्लोबिन पुन्हा वाढवतं. एव्हरेस्टवर तगण्यासाठी घडलेला रेणू गावातल्या वीस वर्षांच्या पोराचं हाडांतलं दुखणं कमी करतो. गरोदरपणात मात्र हे औषध सहसा थांबवतात, त्यामुळे सिकलसेल असलेल्या बाईने दिवस राहण्याआधीच डॉक्टरांशी बोललेलं बरं. डोंगर चढण्याचा बेत तर तिने त्यांना विचारल्याशिवाय करूच नये. अतिश्रम आणि शरीरातलं पाणी कमी होणं, ही दोन्ही तिला महागात पडतात.

हे झालं बाळाचं. पण आईचं शरीरही या काळात गिर्यारोहकाच्या वाटेने जातं. उंचावर गेलेला माणूस जोरात श्वास घेतो. गरोदर बाई सपाटीवर, वैनगंगेच्या काठी बसूनसुद्धा नेहमीपेक्षा जवळजवळ दीडपट हवा आत-बाहेर करते. पोट वाढलं म्हणून दम लागतो, असं आपण समजतो. खरं तर पोट दिसायच्या कितीतरी आधी, दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यातच हा बदल सुरू होतो. प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक मेंदूतल्या श्वासकेंद्राला जागं ठेवतं. त्यामुळे आईच्या रक्तातला कार्बन डायऑक्साइड खाली येतो आणि बाळाला आपला कार्बन डायऑक्साइड तिच्याकडे सोपवणं सोपं जातं. रक्त दीडपटीजवळ वाढतं. हृदय मिनिटाला नेहमीपेक्षा एक-तृतीयांशाहून जास्त रक्त फेकू लागतं. लाल पेशी वाढतात, पण पाण्याचा भाग त्याहून जास्त वाढतो, म्हणून रक्त थोडं पातळ होतं आणि वारेच्या बारीक वाटांतून सहज वाहतं. दिवस भरत येतात तेव्हा गर्भाशयाकडे दर मिनिटाला अर्ध्या लिटरहून अधिक रक्त जात असतं.

या सगळ्याला लागणारी ऊर्जा मोजली गेली तेव्हा आणखी एक नवल पुढे आलं. अमेरिकेत एका टोकाहून दुसऱ्या टोकापर्यंत चार-साडेचार महिने जवळजवळ रोज धावणाऱ्या धावपटूंचा खर्च २०१९ मध्ये एका अभ्यासगटाने मांडला. माणसाचं शरीर दीर्घकाळ जास्तीत जास्त किती खर्च झेपवू शकतं? विश्रांतीच्या खर्चाच्या अडीच पट, असं त्यांचं उत्तर आलं. त्याच आलेखावर गरोदर बाई कुठे बसते, तेही त्यांनी पाहिलं. तिचा आकडा होता २.२ पट. म्हणजे खंड ओलांडणाऱ्या धावपटूच्या जवळपास, आणि तेही नऊ महिने. गडचिरोलीतली बाई या नऊ महिन्यांत शेतात रोवणी करते, चैत्रात मोहफुलं वेचते, वैशाखात तेंदूपत्ता तोडते, पाणी आणते. तिच्या कष्टाचा हिशेब कोणत्या आलेखावर मांडायचा?

माणूस दोन पायांवर उभा राहिला, त्याचा भार मात्र बाईच्या कमरेवर जास्त पडला. चार पायांच्या प्राण्याचं पोट वाढलं तर ओझं खाली लोंबतं. दोन पायांवर ते पुढे येतं आणि तोल पुढे जातो. मग गरोदर बाई मागे रेलून, कमरेचा बाक वाढवून चालते. २००७ च्या डिसेंबरमध्ये ‘नेचर’मध्ये कॅथरीन व्हिटकोम, लायझा शपिरो आणि डॅनियल लीबरमन यांनी या बाकाचं गुपित मांडलं. त्यांनी १९ गरोदर बायकांची चाल मोजली आणि मणके तपासले. कमरेचे पाचरीसारखे मणके पुरुषात दोन असतात, बाईत तीन. त्यामुळे बाईचा बाक अधिक मणक्यांवर वाटला जातो आणि ताण एका जागी साचत नाही. हाच फरक त्यांना वीस लाख वर्षांहून जुन्या ऑस्ट्रॅलोपिथेकसच्या सांगाड्यांतही दिसला. याचा अर्थ काय, ते जरा थांबून पाहा. आपण अजून माणूस झालेलोही नव्हतो, तेव्हापासून गरोदर मादी चालत होती, आणि चालता यावं म्हणून तिच्या पाठीचा कणा घडत गेला. कंदमुळं आणायला, पाण्यापाशी जायला, टोळीबरोबर मुक्काम हलवायला तिला चालावंच लागे. पोटुशी बाईने पाऊल उचलूच नये, ही समजूत तिच्या हाडांनाच मान्य नाही.

एक टोकाचं उदाहरणही आहे. १९८८ मध्ये ब्रिटिश गिर्यारोहक ॲलिसन हारग्रीव्ह्ज आल्प्समधल्या आयगरची उत्तर भिंत चढली. तिला तेव्हा सहावा महिना लागत आला होता. त्या वर्षी जन्मलेला टॉम बॅलार्ड मोठा होऊन स्वतः नावाजलेला गिर्यारोहक झाला. आईचा १९९५ मध्ये के-टूवर मृत्यू झाला, मुलाचा २०१९ मध्ये नंगा पर्बतवर. हे उदाहरण अनुकरणासाठी देत नाही. कसलेली बाई, जन्मभराचा सराव, आणि तरीही पडण्याचा धोका. पण गरोदर शरीर किती पेलू शकतं, याची ती एक साक्ष आहे.

आपल्या जोडप्याकडे परत येऊ. उंचीची चिंता त्यांनी करू नये. उंचावर राहणाऱ्या बायकांची बाळं दर हजार मीटरमागे साधारण शंभर ग्रॅमने हलकी जन्मतात, आणि सवय नसलेल्या गरोदर बाईने अडीच हजार मीटरच्या वर जाऊन मेहनत करू नये, असं डॉक्टर सांगतात. चंद्रपूर-गडचिरोलीत हजार मीटरचाही डोंगर नाही. पेरजागड असो, जिवतीचा माणिकगड असो, की माथ्यावर तलाव असलेला टिपागड, हवा इथे पुरेशी दाट आहे. चालणंही वर्ज्य नाही. गुंतागुंत नसलेल्या गरोदरपणात आठवड्याला दीडशे मिनिटं मध्यम व्यायाम करावा, असं जागतिक आरोग्य संघटनाच २०२० पासून सांगते आहे. चालता चालता सोबत्याशी नीट बोलता आलं पाहिजे, हीच वेगाची कसोटी. बोलताना शब्द तुटू लागले की थांबायचं. मधले तीन महिने सगळ्यात सुखाचे. मळमळ सरलेली असते आणि पोट अजून आड येत नाही. पुढे पाऊल टाकायची जागाच पोटामागे लपते. सांधे सैल झालेले असतात, पायांची कमान थोडी बसते. त्यामुळे जपायचं ते चढताना नाही, उतरताना.

या जंगलात खरी भीती आहे ती उन्हाची, डासाची आणि अंतराची.

चंद्रपुरात मे महिन्यात पारा ४७ अंशांपुढे गेलेला आहे. पोटातलं बाळ आईपेक्षा अर्धा अंश गरम असतं आणि आपली उष्णता वारेतून तिच्याकडे सोडतं. आईच तापली तर बाळाने ती सोडायची कुठे? म्हणून मार्च ते जून हा बेत नकोच.

डासाची गोष्ट अधिक अद्भुत आणि अधिक भीषण. महाराष्ट्रात मलेरियाचा मोठा भार वर्षानुवर्षे गडचिरोलीवर आहे, आणि त्यात फाल्सिपेरम हा घातक प्रकार मोठा. या परजीवीने ग्रासलेल्या लाल पेशी प्लीहेत गेल्या तर मारल्या जातात, म्हणून त्या रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटून बसतात. गरोदर बाईत त्यांना एक नवी लपण्याची जागा सापडते, वार. वारेत विशिष्ट प्रकारची शर्करा-साखळी असते आणि परजीवी नेमकी तिलाच धरणारी प्रथिनाची आकडी बाहेर काढतो. १९९६ मध्ये मिखाल फ्रीड आणि पॅट्रिक डफी यांनी वारेतल्या ग्रासलेल्या पेशी या साखळीला चिकटतात हे दाखवून दिलं. जन्मभर मलेरिया पचवलेल्या बाईच्याही शरीराने ही आकडी कधी पाहिलेली नसते, त्यामुळे पहिल्या खेपेला ती जवळजवळ उघडी पडते. पुढच्या खेपांना थोडं संरक्षण येतं. बाळाचं एव्हरेस्ट ज्या पडद्यावर तोललेलं आहे, परजीवी नेमका तिथेच मुक्काम ठोकतो. बाळ हलकं जन्मतं, आईचं रक्त उतरतं. त्यातून गरोदर बाई डासांना जास्त खेचते. गाम्बियात २००० मध्ये केलेल्या प्रयोगात तिच्याकडे दुप्पट डास आले. कारण तेच, ती जास्त हवा सोडते आणि तिचं अंग थोडं गरम असतं. बाळासाठी घेतलेला प्रत्येक खोल श्वास डासाला तिचा पत्ता देतो. इथल्या जंगलात तंबूत रात्र काढायची तर औषध लावलेली मच्छरदाणी नसताना मुळीच काढू नये. पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या दोन महिन्यांत तर गरोदर बाईने तिथे मुक्कामच टाळावा.

तिसरी भीती अंतराची. भामरागडजवळ पर्लकोटा, पामुलगौतमी आणि इंद्रावती एकत्र येतात. तो देखावा पाहायला माणसं लांबून येतात. याच पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता वर्षानुवर्षे तुटत आलेला आहे. २०२० च्या पावसाळ्यात याच तालुक्यातल्या तुर्रेमर्का गावातली एक गरोदर बाई आशाताईला सोबत घेऊन डोंगर-नाले तुडवत लाहेरीपर्यंत वीसहून अधिक किलोमीटर चालत आली. तिथून पुढे वाहन मिळालं आणि हेमलकशाच्या लोकबिरादरी रुग्णालयात ती सुखरूप बाळंत झाली. मग बाळाला घेऊन तीच वाट पुन्हा पायी. १९७३ मध्ये हेमलकशाचं काम सुरू झालं नसतं आणि डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी ते उभं केलं नसतं, तर ती कुठे पोचली असती? तिच्या कण्याने, श्वासाने, रक्ताने त्या दिवशी वीस लाख वर्षांची शिकवण पाळली, आणि ते शरीर मला विलक्षण वाटतं. पण हौसेने चढलेला पेरजागड आणि कळांच्या भीतीने तुडवलेली ती वाट एका मापाने मोजू नये. पहिल्या वाटेवरची बाई दमली की परत फिरू शकते.

अंतराची भीती एवढी का? कारण सगळ्यात अवघड टप्पा येतो तो शेवटी. जन्माच्या क्षणी बाळ एव्हरेस्टवरून काही मिनिटांत समुद्रसपाटीवर उतरतं. फुप्फुसं पाण्याने भरलेली असतात, ती पहिल्या श्वासांनी उघडतात. गर्भात फुप्फुसाला वळसा घालणारी रक्तवाहिनी वाढलेल्या ऑक्सिजनला उत्तर देत आकसू लागते. हृदयातली झडप मिटते. निरोगी बाळालाही रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण नव्वद टक्क्यांजवळ न्यायला दहाएक मिनिटं लागतात. या उतरणीवर जे बाळ श्वास घेत नाही, त्याच्या हाताशी थोडीच मिनिटं असतात. त्या मिनिटांत पन्नास किलोमीटरवरचं रुग्णालय काय कामाचं?

हा प्रश्न डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीतच सोडवायला घेतला. त्यांच्या ‘सर्च’ने ३९ गावांतल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून शिकवलं. बाळाचं वजन करायचं, त्याला उबेत ठेवायचं, श्वास अडला तर तोंडावर मास्क धरून हवा द्यायची, जंतुसंसर्ग ओळखून औषध द्यायचं. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष छापून आले. नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले होते. आज देशभर आशाताई बाळंतिणीच्या घरी जाऊन बाळ तपासतात, त्या पद्धतीचं मूळ या गावांत आहे.

तेव्हा पोटात बाळ असताना या डोंगरांत जायचं असेल तर जरूर जा, पण हिवाळ्यात, मधल्या महिन्यांत आणि डॉक्टरांना दाखवून. रक्तस्राव, चढलेला रक्तदाब, खाली सरकलेली वार, उतरलेलं हिमोग्लोबिन, आधी अपुऱ्या दिवसांचं बाळंतपण, यांतलं काहीही असेल तर बेत पुढे ढकला. वनखात्याची परवानगी असलेल्या वाटेवरच चाला आणि स्थानिक वाटाड्या सोबत घ्या. ताडोबाच्या आसपासचं रान वाघांचं आहे आणि पेरजागड आग्यामोहोळांसाठी ओळखला जातो, तिथे धूर आणि गोंगाट नको. जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र कुठे आहे ते निघण्याआधी विचारून ठेवा, १०८ ला फोन लागेल अशी जागा कुठे आहे तेही. परतल्यावर ताप आला तर त्याच दिवशी मलेरियाची तपासणी करा आणि आपण गडचिरोलीत होतो, हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.

आणि या दोन जिल्ह्यांत राहणाऱ्या, काम करणाऱ्या प्रत्येक शिक्षकाला, वनरक्षकाला, दुकानदाराला एक विनंती. आदिवासी भागातल्या आरोग्य केंद्रांशेजारी शासनाने ‘माहेरघर’ उभारली आहेत. दिवस भरण्याच्या काही दिवस आधी येऊन गरोदर बाईला तिथे घरच्या माणसासोबत राहता येतं. दूरच्या टोल्यावर कुणाला आठवा महिना लागल्याचं कानावर आलं, तर आशाताईला सांगा आणि नाले भरण्याआधी तिला माहेरघरी पोचवायला हातभार लावा.